अडुळशाची परवानगी

एका राज्यात एका झुडपाला तीन नावं होती, आणि राजवैद्य विरूपाक्षाला नेमकं तेच खुपत असे. पांढऱ्या फुलांचं, कुंपणाला वाढणारं साधं झुडूप ते. उत्तरेत त्याला अडूसा म्हणत, घाटमाथ्यावर अडुळसा, दक्षिणेत आडसोगे. पान तोडण्याआधी लोक त्याला नावानं हाक मारीत, कोणासाठी हवं ते सांगत, मगच हात लावीत. विरूपाक्ष पडला पोथीपंडित! त्यानं राजाकडून दवंडी पिटवली, की यापुढे पोथीतलं ‘वासक’ हे एकच नाव. दुसरं घेईल त्याला फटके.

झुडूप रुसलं. पानांचा गुण गेला. वैद्याच्या जिभेवरून तर जुनी तिन्ही नावं पुसली गेली.

वर्षभरात त्याची लेक कुमुदा खोकू लागली. थुंकीत रक्त दिसलं, तशी वैद्यबुवांची पोथी गळून पडली. कुंपणावरचा भारद्वाज पक्षी म्हणाला, “तीन मुलखांतून तीन नावं मागून आण. हुकूम केलास तर मिळायची नाहीत.”

विरूपाक्ष निघाला. त्याला पाहताच लोक हात जोडीत, “आम्हाला नाही ठाऊक, महाराज.” ही भीती आपणच पेरली, हे त्याला वाटेत पुन्हापुन्हा बोचत राहिलं.

उत्तरेत मध काढणाऱ्या दुर्जनसिंगानं त्याला आधी चावडीत दवंडी चुकल्याचं कबूल करायला लावलं. मग नाव दिलं, म्हणाला, “रस मधातून द्या.” घाटावर म्हाताऱ्या सुईण ठकूबाईनं आपले सुजलेले गुडघे पुढे केले. विरूपाक्षानं एरंडाची पानं गरम करून बांधली, तेव्हा तिनं नाव सांगितलं.

दक्षिणेत चेन्नव्वा जोंधळा पाखडत होती.

“माझ्या लेकाला, शिवलिंगालाही असाच खोकला होता,” ती म्हणाली. “फटक्यांच्या भीतीनं मी झाडाला तुमच्या नावानं हाक मारली. झाडानं ओळख दिली नाही. पोर गेलं.”

विरूपाक्षानं तिचे पाय धरले. ही आता नाव देणार नाही, आणि न देणंच रास्त, असं त्याला वाटलं.

“उठा,” चेन्नव्वा म्हणाली. “तुमची पोरगी खोकतेय ना? आडसोगे म्हणा त्याला. रक्त पडत असेल तर रसात फुलंही घाला.”

घरी येऊन त्यानं तिन्ही नावांनी हाक मारली, लेकीसाठी पानं मागितली, क्षमा मागितली. झुडूप म्हणालं, “ने.” त्याचा रुसवा गेला. कुमुदा उठून बसली, राजानं दवंडी मागे घेतली, राज्याची घडी पूर्ववत बसली.

विरूपाक्ष मात्र पुन्हा दक्षिणेला गेला. चेन्नव्वानं शिव्या घातल्या असत्या तर त्यानं निमूट ऐकल्या असत्या.

“पोरगी बरी आहे ना?” तिनं विचारलं. “जेवते ना नीट?”

“जेवते,” विरूपाक्ष म्हणाला, आणि तिच्या जोंधळ्यातले खडे वेचायला बसला.