नातीचं नाव दहिवर

एका गावाबाहेरच्या मळ्यात राणोजी नावाचा म्हातारा शेतकरी राहत असे. एका वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. गावाने हरभरा पेरायचं टाळलं. राणोजीने पेरला. लोक म्हणाले, "म्हाताऱ्याला चळ लागलाय." पण त्या हिवाळ्यात रोज पहाटे भरपूर दहिवर पडलं. पानापानांवर थेंब साचले आणि तेवढ्या ओलीवर राणोजीचं शेत घाट्यांनी भरलं.

हरभरा काढून झाला त्याच आठवड्यात त्याच्या सुनेला मुलगी झाली, आणि त्याच आठवड्यात राणोजीने अंथरूण धरलं. वैद्याने नाडी पाहिली आणि मुलाला, धोंडिबाला, बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते राणोजीने विचारलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं होतं. राणोजीची लेक यमुना त्यासाठी सासरहून चालत आली. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. आत्याने पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि भोवतालच्या बायांनी तिच्या पाठीत हलक्या बुक्क्या मारायच्या, अशी रीत. त्याआधी ते नाव घेऊन बाळाला कुणी हाक मारायची नाही.

राणोजीने लेकीला जवळ बोलावलं. "दहिवर ठेव," तो म्हणाला. "बारा दिवस ओठांवर आहे, पण रीत मोडली नाही. तू तिच्या कानात सांग, मग मी हाक मारीन. फक्त लवकर उरक."

"दिवस कलायच्या आत उरकते, आबा."

ओसरीवर पाळणा टांगला होता. बाया जमल्या होत्या. जोशीबुवा पंचांग घेऊन बसले होते. यमुनेची एकच चूक झाली. पाटलीणबाईंनी सहज विचारलं, "काय ठरलंय गं नाव?" आणि तिने सांगून टाकलं.

पाटलीणबाईंनी हातातलं झबलं खाली ठेवलं. "दहिवर? हे काय मुलीचं नाव झालं? रानात राखणीला निजणाऱ्या गड्याचं वाटतं."

"गड्याचं कसं वाटेल?" जोशीबुवा म्हणाले. "पुरुषाचं नाव उन्हात टिकायला हवं. हे शोभलं तर बाईमाणसालाच शोभेल."

"पहाटे आलं आणि उन्हं वर आली की पत्ता नाही. पोरीला उद्या सासरी नांदायचंय, बुवा."

"म्हणजे मुलगा असता तर चाललं असतं?"

"असं मी कुठं म्हटलं?"

"मुलगी झाली आहे," यमुना म्हणाली.

"ते ठाऊक आहे गं. पण मुलगा असता तर, असं बुवा विचारताहेत."

आतून राणोजीची हाक आली. "यमुने, झालं का?"

"होतंय, आबा."

पण होत काहीच नव्हतं. शेजारच्या मळ्यातल्या भागाबाईने विचारलं, "पुढं हिला भाऊ झाला तर त्याचं काय ठेवाल, धुकं?" सगळ्या हसल्या. मग त्या न झालेल्या भावाच्या नावावर चर्चा सुरू झाली. धोंडिबा दोन्हीकडे मान हलवत होता, कारण त्याला पाटलीणबाईंनाही दुखवायचं नव्हतं आणि बुवांनाही. बाळंतीण खालमानेने बसून होती. यमुना नुसता पाळणा हलवत राहिली, कारण मानाची माणसं रुसून उठली असती तर भरल्या घराला बोल लागला असता.

बसून बसून लोकांना भूक लागली. नाव बाजूलाच राहिलं आणि घुगऱ्या आधी वाटाव्या लागल्या. यमुनेने द्रोण भरून हातोहात दिले.

"हरभरा मात्र छान आहे हो," पाटलीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे यंदा दाणा नाही."

"दहिवरावर आलाय," यमुना म्हणाली.

दोघीतिघींनी माना डोलावल्या. यमुनेला वाटलं, सुटलो एकदाचे.

"तेच तर म्हणते मी," पाटलीणबाई चावता चावता म्हणाल्या. "हरभऱ्याला ठीक आहे. मुलीला कसं?"

"यमुने." या वेळी हाक खूप हळू आली. "झालं?"

"आलेच, आबा."

बुवांनी पंचांग उघडलं. पाटलीणबाईंनी दुसरा द्रोण घेतला. उन्हं ओसरीवरून अंगणात उतरली, अंगणातून कुंपणावर गेली. मग यमुनेच्या लक्षात आलं, आतून बराच वेळ हाक आलेली नाही.

तिने पातेलं खाली ठेवलं आणि बाळाला पाळण्यातून उचललं.

"अगं, पाळण्यातच नाव ठेवतात," जोशीबुवा म्हणाले.

"तुमचं ठरलं की कळवा," यमुना म्हणाली आणि आत गेली.

राणोजीचे डोळे उघडे होते. श्वास चालू होता, पण वरच्या वर. यमुना बाळाला घेऊन त्याच्या अंथरुणाला खेटून बसली. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. मग त्यालाही ऐकू जाईल असं पुन्हा एकदा म्हटलं. राणोजीचे ओठ हलले. दोनदा हलले. आवाज निघाला नाही. मग त्याचा हात उचलला गेला आणि वाकलेल्या लेकीच्या पाठीवर येऊन पडला. बुक्की म्हणावी तर ती फारच हलकी होती.

थोड्या वेळाने पाटलीणबाई दारातून डोकावल्या. "आमचं एकमत झालं गं," त्या म्हणाल्या. "दहिवर चालेल."

यमुनेने वळून पाहिलं नाही. पाठीवरचा तो हात खाली घसरेल म्हणून ती तशीच वाकून बसली होती.

दहिवर पुढे मोठी झाली. सगळं गाव तिला रोज त्याच नावाने हाक मारतं. ते नाव मुलीचं की मुलाचं, हा वाद आता कुणाला आठवतही नाही. एक हाक मात्र तिच्या कानावर कधी पडली नाही.

तात्पर्य: नाव शोभतं की नाही, ते हाका मारता मारता ठरतं; वाद उद्यावर टाकता येतो, पण हाक मारायला आसुसलेलं माणूस उद्यापर्यंत थांबेलच असं नाही.