तक्रारीचा पत्ता

“मग यादीत एकही निरपराध नाही, हे तुला कशावरून समजले?”

भानुगिरी महाराजांनी हे विचारले, तेव्हा त्यांचे लक्ष हातातल्या पावट्याच्या शेंगांकडे होते. मठात दुपारच्या पंगतीची तयारी चालली होती.

श्रीरंग किंचित हसला. पुण्यात बसून तो एक काळी यादी सांभाळत असे. ज्या पत्त्यांवरून फसवे ई-मेल सुटतात, ते पत्ते या यादीत जात. आणि यादीत गेलेल्याचे पत्र हजारो कार्यालयांच्या दारातूनच परत फिरे. ही यादी अन्याय करते, अशी ओरड अलीकडे वर्तमानपत्रांतही आली होती. ती त्याच्या मनाला लागली होती. गुरूंनी एकदा ‘तुझे बरोबर आहे’ म्हणावे, एवढ्यासाठीच तो आला होता.

“यादीच्या खाली तक्रारीचा पत्ता दिला आहे, महाराज. ओरडणारे बाहेर ओरडतात. रीतसर तक्रार तीन वर्षांत एकही आलेली नाही.”

“एकही नाही…?”

“एकही नाही.”

महाराजांनी आणखी एक शेंग सोलली.

“आणि सबंध चाळीत एकच चोर राहत असेल तर?”

“तर सबंध चाळीची, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांचीच, पत्रे अडवतो. मुद्दामच. शेजाऱ्यांची गैरसोय झाली की ते मालकाच्या मागे लागतात, आणि मालक चोराला बाहेर काढतो. कठोर आहे, मान्य. पण त्यामुळे रोज किती म्हाताऱ्याकोताऱ्यांची फसवणूक टळते, याचा कोणी विचार करत नाही.”

“मी करतो. माझ्या बहिणीला असेच फसवले होते. तुझे हे यादीचे दार असू दे, श्रीरंग.”

श्रीरंगला हायसे वाटले. महाराज पुढची शेंग सोलू लागले.

पाने वाढून झाली. चाळीस माणसे बसली. पण कोणी अन्नाला हात लावला नाही. या मठाची रीत अशी, की पहिला घास घेण्यापूर्वी मठाधिपतीने स्वतः महाद्वाराबाहेर जाऊन हाक द्यायची. महाराजांचे वय ऐंशीच्या पुढे, गुडघे धरलेले. तरी ते काठी टेकत उठले.

“बसा, महाराज,” श्रीरंग म्हणाला. “हाक काय, इथूनही देता येईल.”

महाराज थांबले. पंगतीकडे वळून त्यांनी तिथूनच हाक दिली,

“कोणी राहिले आहे का?”

“नाही, महाराज,” चाळीस आवाज एकदम आले.

“पाहा,” श्रीरंग म्हणाला.

“पाहिले,” महाराज म्हणाले, आणि दाराकडे चालू लागले.

श्रीरंग त्यांना आधार द्यायला मागोमाग गेला. “अशाने लबाडही जेवून जातात.”

“जातात. एकजण तर जाताना माझ्या वहाणा घालून गेला. त्याला नीट बसल्या असतील, एवढेच म्हणायचे.”

महाद्वारातला छोटा दरवाजा उघडून महाराज बाहेर उन्हात उभे राहिले. त्यांनी पुन्हा तीच हाक दिली.

ओट्यावरून एक बाई उठली. खांद्याला कापडी पिशवी, चपला धुळीने भरलेल्या.

“मी राहिले आहे,” ती म्हणाली. “पण जेवायला नाही आले. श्रीरंग देवस्थळी आत आहेत का? दारावरचे दादा म्हणाले, महाराज बोलत असताना कोणाला सोडत नाहीत.”

“मीच देवस्थळी.”

“मी यमुना भोईटे. घाटाखाली बहिऱ्या मुलांची शाळा चालवते. तुमच्या ऑफिसात गेले, तिथे कळले, साहेब मठात गेलेत.” तिने दम घेतला. “एकोणीस मुलांना कानाची मशीन मंजूर झालीत. तपासणीचे कागद सोमवारपर्यंत शाळेच्या नोंदलेल्या ई-मेल पत्त्यावरूनच पाठवायचेत. पाठवते, आणि परत येतात. आमच्याच सर्व्हरवरच्या कोणा लबाडापायी आमचा पत्ता म्हणे तुमच्या यादीत आहे.”

“मग तुम्ही तक्रार करायला हवी होती.” आपला आवाज श्रीरंगला स्वतःलाच कोरडा वाटला.

यमुनाबाईंनी पिशवीतून कागदांची चळत काढली. “अकरा वेळा केली. घ्या. एस्टीत वाचून वाचून पाठ झाल्यात.”

त्याने पहिला कागद वाचला. मग दुसरा. प्रत्येकाच्या खाली एकच वाक्य होते: आपला पत्ता यादीत असल्यामुळे हे पत्र स्वीकारता येत नाही.

ते वाक्य त्यानेच लिहिले होते. ज्याचा पत्ता अडवला, त्याने त्याच पत्त्यावरून तक्रार करावी, हा नियमही त्याचाच. आणि तक्रारींच्या पेटीवर पहारा होता तो त्याच यादीचा. तीन वर्षांची ती शांतता…



“ताई,” तो म्हणाला, “तुमचा पत्ता आत्ता काढतो. इथेच, उभ्याने.”

त्याने फोन काढला.  आत पंगत थांबलेली होती. पानांवरचा भात निवत होता. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

“आता पाठवून पाहा.”

यमुनाबाईंनी आपल्या फोनवरून पाठवले. पदर डोक्यावर ओढून, सावलीत धरलेल्या पडद्याकडे त्या पाहत राहिल्या.

“…परत नाही आले,” त्या हळूच म्हणाल्या. मग महाराजांकडे वळून, “परत नाही आले हो.”

महाराजांनी त्यांना आत येण्याची खूण केली.

श्रीरंग मात्र जागचा हलला नाही. कागद त्याच्या हातातच होते.

“तक्रारींच्या पेटीवरचा पहारा आजच उठवतो, महाराज. पण मग तिथून लबाडही येतील. रोज शेकड्यांनी. त्यांतून असे एखादे पत्र शोधत कोणी बसायचे?”

महाराजांनी आपली काठी त्याच्या हातात दिली आणि यमुनाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून ते दारातून आत वाकले.

“उद्यापासून हाक तू दे.”