पलीकडचं मेज

अंत्युखिया नगरातल्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, अजऱ्या छातीठोकपणे सांगत, "मला कुणाचा हेवा म्हणून वाटत नाही!" आणि त्याच दमात विचारत, "त्या मिर्टोकडे आज किती माणसं जेवली?"

मिर्टो ही ग्रीक रंगारीण. नुकतीच ख्रिस्ती झाली काय, अख्खी मंडळी तिच्याभोवती गोळा! तिची मसुरीची आमटी वडिलांनीही दोनदा मागून ओरपली होती. पण यरुशलेमेहून मंडळीतलेच बडे यहुदी पाहुणे आले आणि जन्माने यहुदी असलेले वडील एकदम सोवळे झाले.

"बाई, तुम्ही परक्या. पलीकडच्या मेजावर बसा. इथे शुद्ध लोक जेवतील."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. वडिलांचा जीव थंडावला.

मिर्टोने ताट उचललं. "बसते की, वडील. पण प्रभू पाप्यांच्याच पंगतीला बसायचे ना? आज आले तर तिकडेच बसतील. तुम्ही थांबू नका, जेवून घ्या!"