बिननावाचं भांडं

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला घरी बजावलेलं आहे. तरी सांगते, कारण ती दोन-तीन मोठ्या माणसांकडून तुकड्यातुकड्यांनी माझ्या कानांवर आली, आणि तुकडे जोडल्यावर वाटलं की ती आणखी कुणाच्या तरी उपयोगाची आहे. नावं मात्र सांगणार नाही. जुन्या गोष्टींत असतात तशीच माणसं ठेवते.

एकदा एक वृद्ध वकील होते. कोर्टामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. बाहेर ओसरी, ओसरीवर लाकडी बाकडं आणि बाकड्याखाली येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला. त्यांच्या हाताखाली एक शिष्य काम शिकत होता. त्याची सनद नवी आणि काळा कोट त्याहून नवा. कायदा त्याला बराच पाठ होता.

एका दुपारी तिथे भांड्यांचा एक व्यापारी आला. गावातल्या निम्म्या लग्नांचा आहेर त्याच्या दुकानातून जाई. मागोमाग त्याचा धाकटा भाऊ होता. हा भाऊ दुकानाच्या दाराशी बसून भांड्यांवर नावं घालायचा. तांब्या असो वा हंडा, बारीक छिन्नीने टिपके पाडत ‘अमक्यांकडून सप्रेम भेट’ असं उमटवायचं. त्याचं अक्षर इतकं सुबक, की लोक लांबून येत. नावाशिवाय भांडं दुकानातून बाहेर पडू द्यायचं नाही, अशी व्यापाऱ्याची शिस्तच होती. त्याच्या स्वतःच्या घरातल्या चमच्यांवरसुद्धा त्याचं नाव होतं.

संकट असं होतं की समोरच्या दुकानदाराचं गोदाम एका संध्याकाळी जळालं होतं. त्याच सकाळी गिऱ्हाईक ओढण्यावरून धाकट्याचं त्याच्याशी भर रस्त्यात भांडण झालं होतं, आणि रागाच्या भरात धाकटा ‘पेटवून देईन’ असं काहीतरी बोलून गेला होता. गोदामामागून त्याच्यासारखा कुणीतरी पळताना दिसला, असंही एकाने सांगितलं. पोलिसांनी धाकट्याला उचललं. जामीन मिळाला, पण खटला उभा राहणार होता, आणि दोष सिद्ध झाला तर त्याची तरुणपणाची वर्षं तुरुंगात जाणार होती.

“त्या संध्याकाळी तू कुठे होतास?” वृद्ध वकिलांनी विचारलं.

धाकट्याने आधी भावाकडे पाहिलं. “फिरायला गेलो होतो.”

“कुठे?”

“असंच. नदीकडे.”

“बरोबर कोण होतं?”

“कुणी नाही.”

“ऐका,” व्यापारी म्हणाला. “हा पठ्ठ्या कधी कोपऱ्यावर चालत जाऊन दूध आणत नाही, आणि नेमकं त्याच दिवशी याला नदी आठवली.”

धाकटा खाली मान घालून बसला. व्यापाऱ्याने दुकानाच्या कापडी पिशवीतून नोटांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. “वकीलसाहेब, फीची काळजी करू नका. लागेल तेवढं मागा. पण हा सुटला पाहिजे.”

वृद्धांनी शिष्याला पावती करायला सांगितली. शिष्याने व्यापाऱ्याचं नाव लिहायला घेतलं, तर ते म्हणाले, “त्याचं नको. धाकट्याचं घाल.”

“अहो, पैसे मी दिलेत,” व्यापारी म्हणाला.

“तुम्हीच दिलेत. आता शेठ, तुम्ही जरा बाहेर बसा.”

“बाहेर? कोण, मी?” व्यापाऱ्याला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. “वडील गेल्यापासून मीच याचा बाप आहे.”

“ठाऊक आहे. बाकडं सावलीत आहे. चहा पाठवतो.”

व्यापारी उठला. पैसे देणाऱ्याला असं उठवलेलं शिष्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याचेच कान तापले. थोड्या वेळाने वृद्धांनी त्याला चहा घेऊन बाहेर पिटाळलं, तेव्हा बाकड्यावर व्यापारी कोर्टातल्या शिपायासारखा ताठ बसला होता, पायांशी चपलांची रांग. गल्लीतून जाणारा एक ओळखीचा माणूस थांबला.

“काय शेठ, चपला राखायचं काम घेतलं की काय?”

“हो, तुझ्या पण ठेव. नंबर देतो,” व्यापारी म्हणाला. माणूस हसत निघून गेला. मग व्यापाऱ्याने चहाचा कप हातात धरून शिष्याला सुनावलं, “तुमच्या गुरूंना सांगा, आमच्याकडे पैसे देणाऱ्याला गादीवर बसवतात. माझ्या पैशाने माझ्याच घरातल्या गोष्टी माझ्यापासून लपवायच्या, हा कुठला कायदा?”

खरं म्हणजे व्यापाऱ्याचं म्हणणं शिष्याला पटलं होतं.

“निदान एवढं बघा,” व्यापाऱ्याचा आवाज उतरला. “त्याने केलंय का ते. मी तीन आठवडे झोपलेलो नाही हो.”

शिष्य आत गेला, तेव्हा दार लोटलेलं होतं आणि धाकटा बोलत होता. इतका वेळ अडलेलं बोलणं एकदम सुटावं तसं.

त्यांना एक बहीण होती. तिने मोठ्याच्या मनाविरुद्ध, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा धाकटा चौथीत होता. त्या दिवशी थोरल्या भावाने सांगितलं होतं की या घरातलं कुणी तिचा उंबरा ओलांडणार नाही, आणि तिचं नावही घरात निघणार नाही. बहीण नदीपलीकडच्या वस्तीत राहत होती. धाकटा मोठा झाल्यापासून गुपचूप तिच्याकडे जाई. त्या संध्याकाळी तिच्या मुलीचा वाढदिवस होता. गोदाम पेटलं तेव्हा तो तिथे भाचीसाठी फुगे फुगवत होता.

“मग बहिणीची साक्ष घेऊ,” वृद्ध म्हणाले.

“नको.” धाकट्याने दाराकडे पाहिलं. “दादाने माझ्यासाठी जमिनीचा तुकडा विकायला काढलाय. त्याच्या पैशाने सुटायचं, आणि इतकी वर्षं त्याला फसवत आलो हे त्याला कोर्टात ऐकवायचं? त्यापेक्षा शिक्षा परवडली. तुम्ही त्याला सांगू नका.”

“मी सांगणार नाही. हाही सांगणार नाही.” वृद्धांनी शिष्याकडे बोट केलं. “बहिणीला बोलवायचं की नाही ते तू ठरवायचं. पण ठरवताना पैशाचा हिशेब मनात आणू नकोस. पावती वाच. तुझ्या नावाची आहे.”

दोघे भाऊ गेल्यावर शिष्याने विचारलं, “गुरुजी, त्या माणसाने भावासाठी जमीन काढली, आणि आपण त्याला चपलांपाशी बसवलं. हे मला कळलं नाही.”

वृद्धांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. “यावर काय आहे ते वाच.”

तांब्यावर एका जुन्या अशिलाचं नाव कोरलेलं होतं, आणि खाली ‘यांजकडून’.

“माणूस फार चांगला होता,” वृद्ध म्हणाले. “प्रेमाने दिला त्याने. पण पाणी माझं, तहान माझी, आणि इतकी वर्षं मी दर घोटाला त्याचं नाव वाचतो आहे. तांब्याचं ठीक आहे. माणसाच्या बचावावर असं नाव कोरलं गेलं की त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. विचारतो मी आणि उत्तर तो पैसे देणाऱ्याला देतो. तू पाहिलंस ना, बोलण्याआधी त्याने कुणाकडे पाहिलं? पैसा थोरल्याचा आहे आणि प्रेमही खरं आहे, म्हणून तर मला त्याची जास्त भीती वाटते. दुष्ट माणसाला बाहेर काढणं सोपं असतं.”

शिष्याला हे कळलं, पण व्यापाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना.

खटला दीड वर्ष चालला. व्यापारी प्रत्येक तारखेला आधी ऑफिसात येई, कुरकुरत पैसे देई आणि न सांगता बाकड्यावर जाऊन बसे. एकदा कोर्टाच्या फाटकाशी त्याने शिष्याला गाठलं.

“तुम्ही तरुण आहात. तुम्हाला भाऊ आहे का?”

“आहे.”

“मग एवढंच सांगा. तो निर्दोष आहे की नाही? मान हलवली तरी चालेल.”

शिष्याने फक्त मान हलवली असती, तर त्या रात्री त्या माणसाला झोप लागली असती. त्याची मान हलायला आलीही होती. पण तो म्हणाला, “शेठ, त्यालाच विचारा.”

“विचारतो की. रोज विचारतो. फिरायला गेलो होतो म्हणतो.”

सरकारी साक्षीदार संपले. गोदामामागे कुणाला पाहिलं ते सांगणारा माणूस उलटतपासणीत डगमगला, पण पुरता मोडला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी धाकटा एकटाच ऑफिसात आला. त्याने खिशातून घडी पडलेली पावती काढून टेबलावर ठेवली.

“बहिणीला बोलवा,” तो म्हणाला.

बचावाच्या साक्षीच्या दिवशी व्यापारी नेहमीप्रमाणे कोर्टात मागच्या बाकावर बसला होता. शिपायाने नाव पुकारलं. इतक्या वर्षांत त्याच्या घरात जे नाव निघालं नव्हतं, ते त्या उंच छताच्या खोलीत दोनदा मोठ्याने घेतलं गेलं. बहीण पदर सावरत पिंजऱ्यात उभी राहिली. शिष्याने मागे वळून पाहिलं. व्यापाऱ्याने समोरचा बाक दोन्ही हातांनी धरला होता. तो उठून जाईल, असं शिष्याला वाटलं.

बहिणीने सांगितलं की त्या संध्याकाळी भाऊ तिच्याकडे होता, फुगे फुगवून त्याचे गाल दुखत होते. शेजाऱ्याने काढलेला फोटोही तिने दाखवला.

सरकारी वकिलांनी विचारलं, “मग दीड वर्ष हे का लपवलं?”

“लपवलं नाही,” ती म्हणाली. “आमच्या माहेरी मी आहे असं बोलायची पद्धत नाही.”

व्यापारी उठला नाही. ती पिंजऱ्यातून उतरून बाहेर जाईपर्यंत तो खाली फरशीकडे पाहत बसला.

नंतर व्हरांड्यात तो वृद्ध वकिलांपाशी आला. एकदम म्हातारा दिसत होता. “वकीलसाहेब, एक विचारतो. त्या पहिल्या दिवशी मी आत बसलो असतो तर?”

“तर शेठ,” वृद्ध म्हणाले, “तुमचा भाऊ अजूनही फिरायलाच गेलेला असता.”

व्यापाऱ्याने मान हलवली. शिष्याला वाटलं, आता हा धाकट्याला रागावेल. पण व्यापारी व्हरांड्याच्या टोकाकडे पाहत होता. तिथे बहीण नळावर पाणी पीत होती.

निकालात धाकटा निर्दोष सुटला. त्यानंतरचं कोर्टाच्या कागदात नाही. त्यानंतर एका रविवारी व्यापारी भावाबरोबर नदीपलीकडे गेला. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने दुकानातलं एक मोठं पितळी पातेलं घेतलं होतं. धाकट्याने सवयीने छिन्नी उचलली आणि विचारलं, “दादा, नाव काय घालू?” व्यापारी जरा वेळ विचार करत उभा राहिला, आणि म्हणाला, “राहू दे.”

या गोष्टीवरून घ्यायचं ते मला वाटतं असं, की घरातल्या माणसासाठी पैसे मोजून झाल्यावर आपण थोडा वेळ बाहेरच्या बाकड्यावर

“हेमांगी! अगं, पातेलं खाली उतरवायला ये, आईला एकटीला उचलवत नाही!” मोठे मामा स्वयंपाकघरातून हाक मारताहेत. आज त्या पातेल्यात खीर आहे. मी ते परवा घासताना उलटंसुलटं करून पाहिलं, त्यावर खरंच कुठेही नाव नाही.