तान्हूबाईचं एक पान

गोदावरीवर अजून धरण झालं नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. सावरटेक गावात तान्हूबाई नावाची बाई राहायची. शिंदीच्या केरसुण्या बांधायची आणि पाच गावं फिरून विकायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. केस पिकायला लागले तेव्हा ती पाळकांच्या बायकोकडे, मार्थाबाईंकडे गेली आणि म्हणाली, “बाई, मला वाचायला शिकवा.”

मार्थाबाईंच्या शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, एक पान सुटं झालं होतं. तेच त्यांनी तिच्या हातात दिलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा गेला, तेव्हा कुठं तान्हूबाईला ते पान घडाघडा यायला लागलं. दुसरं पान तिला जन्मात वाचता आलं नाही, असं म्हणतात.

त्या दिवसांत सावरटेकच्या ख्रिस्ती मंडळीत मोठी फूट पडली होती. टेकाडावर त्यांचं दगडी देऊळ होतं, पण घंटा कुणी वाजवायची यावरून अमोलिक आणि घाटविसावे ही दोन घराणी भांडली. एका सकाळी घंटेची दोरी कापलेली सापडली. तेव्हापासून सात वर्षं अमोलिक डावीकडे बसायचे, घाटविसावे उजवीकडे. एका बाजूनं गीत सुरू केलं की दुसरी बाजू तोंड मिटून बसायची. पाळक बोलून बोलून थकले.

तान्हूबाई मात्र थकली नाही. केरसुणी विकायला दारात गेली की पान काढायची आणि वाचायची. मग आपल्या शब्दांत सांगायची, “देवाला द्यायला काही घेऊन निघालात, आणि कुणाचं मन आपल्यामुळं दुखलंय हे आठवलं, तर हातातलं खाली ठेवा. आधी तिकडं जा.”

“अगं, तेच ते किती वाचशील? दुसरं काही येत नाही का?” लोक हसायचे.

“आधी एवढं होऊ द्या,” ती म्हणायची. “मग पुढचं शिकते.”

कापणीचा सण आला. कुणी बाजरीची कणसं आणली, कुणी दुधी, कुणी कोंबडी. तान्हूबाईनं मापभर मटकी आणि एक नवी केरसुणी आणली. देवळाच्या दारात उभी राहून तिनं नेहमीसारखं पान वाचायला घेतलं. तेवढ्यात अमोलिकांच्या घरातला थोरला, दौलत अमोलिक, मोठ्यानं म्हणाला, “तान्हूबाई, तुझ्या जावेला वाचून दाखवलंस का गं हे कधी?”

तान्हूबाईनं पानाची घडी घातली. तिची धाकटी जाऊ मुक्ता दोन दिवसांच्या वाटेवर, धामणगव्हाणला राहत होती. बारा वर्षांपूर्वी मुक्ताची पोर तापानं फणफणली होती. मुक्तानं दोनदा निरोप धाडला, “आक्का, ये.” पण कसल्याशा जुन्या रुसव्यापायी तान्हूबाई गेली नाही. पोर गेली. तेव्हापासून दोघींत शब्द नव्हता.

तान्हूबाईनं मटकी दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवली. केरसुणी ठेवली. आणि टेकाड उतरून ती चालू लागली.

दौलतला फक्त तिचं तोंड बंद करायचं होतं. पण ती खरंच निघाली. शेवटी त्यानं कणसांची पेंढी ओट्यावर टाकली आणि समोरच्या बापू घाटविसाव्यांपुढं जाऊन उभा राहिला.

“बापू, दोरी मीच कापली होती.”

“मला ठाऊक होतं,” बापू म्हणाले. “पण तुला चोर म्हणायला मिळायचं ना, ते मला गोड लागायचं. माझंही चुकलंच की.”

मग एकेकानं हातातलं खाली ठेवलं. कुणी शेजाऱ्याकडं गेलं, कुणी सासूकडं, कुणी परगावी. ओटा भरला, अंगण भरलं. पाळक म्हणाले, “तान्हूबाई येईपर्यंत आत काही न्यायचं नाही.”

नऊ दिवस ते दान उघड्यावर पडून होतं. चिमण्या कणसांवर बसायच्या, पण चोच लावायच्या नाहीत, असं म्हणतात. आजूबाजूला पावसाच्या सरी आल्या, अंगणात मात्र थेंब पडला नाही. बांधलेली कोंबडी सुटून भिंतीवर बसली, पण घरी गेली नाही. जुनी माणसं हे छातीठोकपणे सांगतात.

तिकडं मुक्तानं तान्हूबाईला दारात पाहिलं आणि एवढंच विचारलं, “बारा वर्षं लागली होय आक्का यायला?”

“लागली,” तान्हूबाई म्हणाली. “मी यायला हवं होतं. आले नाही. माझं चुकलं.”

मुक्तानं दार लोटून घेतलं. तान्हूबाई अंगणात बसून राहिली. तीन दिवस तिनं अंगण झाडलं, जळण फोडलं, पाणी भरलं, आणि पान एकदाही बाहेर काढलं नाही. चौथ्या दिवशी मुक्तानं दार उघडलं, तिच्यापुढं भाकरी ठेवली आणि लेकीचं नाव घेऊन रडायला लागली. दोघी पोटभर रडल्या. एक दिवस दोघी नुसत्या त्या पोरीविषयी बोलत बसल्या.

नवव्या दिवशी नदीकडच्या वाटेनं दोन म्हाताऱ्या येताना दिसल्या. सारं गाव सामोरं गेलं. दान आत गेलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच देवळात एका सुरात गीत उठलं. ते नदीपलीकडच्या गुराख्यांना ऐकू गेलं, असं म्हणतात. मुक्तानं पुढं बाप्तिस्मा घेतला की नाही, यावर गावात एकमत नाही. ती उरलेलं आयुष्य तान्हूबाईच्या घरी राहिली, यावर आहे.

त्या ओट्याला आजही तान्हूबाईचा ओटा म्हणतात. कापणीच्या सणाला सावरटेकमध्ये कुणी सरळ आत जात नाही. दान ओट्यावर ठेवायचं, ज्याच्याकडं जायचं त्याच्याकडं जाऊन यायचं, आणि शेवटचा माणूस परतल्यावरच उपासना सुरू करायची.

गेल्या वर्षी सगळे परतले, पण एक टोपली ओट्यावर तशीच राहिली. ती पाळकांची होती. ते मोटारसायकल काढून श्रीरामपूरला भावाकडं गेले होते. मंडळी थांबली. बायांनी घरून भाकऱ्या आणल्या, म्हातारे लिंबाखाली आडवे झाले. दुपार कलल्यावर चढावर गाडीचा आवाज आला. सगळे उठून बघायला लागले.

गाडीवर दोघं होते.