झिलूने बार काढला

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव झिलू. मामाकडे राहायचा. वयाने तिशीला आलेला, मिशी भरघोस, आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणारा. गावात सांगितलेलं काम करणारी माणसं मुळात कमी. त्यामुळे मामांना त्याचं कौतुकही होतं आणि धास्तीही.

मामांचं नाव विश्राम धुरी. त्यांच्या घराला बाराचा मान होता. शिमग्याला देवाची पालखी देवळातून निघायची, त्याआधी मामांच्या ठासणीच्या बंदुकीचा बार व्हायचा. बार ऐकला की खांदेकऱ्यांनी पालखी उचलायची. बार नाही तर पालखी नाही. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मागे केप बसवायची आणि चाप ओढायचा. गोळी नाही, छर्रा नाही, नुसता आवाज. देवाला तेवढा पुरतो.

त्या वर्षी मामा काजूच्या झाडावरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. बंदुकीच्या परवान्यावर मामांच्या नावाखाली झिलूचं नाव होतं. साहेबांनी परवाना देताना कागद नीट तपासले होते, झिलूला तपासलं नव्हतं. म्हणजे यंदा बार झिलूने काढायचा. त्यातून बंदूक भरण्याचं सगळं सामान मामीने भंगारवाल्याला देऊन प्लास्टिकचा टब घेतलेला. टब चांगला होता, पण त्याने बार निघत नाही.

पलीकडच्या वाडीतल्या अंकुश परबांनी मात्र आपली बंदूक तेल पाजून तयार ठेवली होती. "विश्रामभाव, जमना नसात तर सांगा हां. मी आसंय," असं ते येताजाता अगदी प्रेमाने म्हणायचे. मामांना ते प्रेम कळत होतं. एकदा मान गेला की तो परत येत नाही.

मामांनी झिलूला समोर बसवलं. "पयलो गज होयो. लोहाराकडे जा. पण तसोच उचलून हाडू नको. नळयेत घालून बग, बसलो तर घे."

"व्हय मामानू," झिलू म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी तो आला. मागून लोहार आला. लोहाराच्या डोक्यावर सळयांचा भारा होता आणि तोंडात शिव्या होत्या.

"ह्येका कित्याक हाडलंस?" मामा म्हणाले.

"नळी हंय आसा, गज थंय व्हते. घालून बघतलंय कसो?"

लोहाराने चहा मागितला, मग जेवणही मागितलं. एक गज बसला. लोहार उरलेला भारा घेऊन गेल्यावर मामांनी झिलूला शिकवलं. "अरे मेल्या, दोरी कित्याक आसता? नळयेक दोरी लावची, गाठ मारूची आणि दोरी घेवन बाजारात जावचां. वस्तू कशी घेवची ती अशी."

झिलूला हे मनापासून पटलं. त्याने नळीला दोरी लावली, गाठ मारली, दोरी खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मामांनी त्याला दारू मोजायचं माप आणायला बुरडाकडे पाठवलं. एका बाराला किती दारू घालायची हे ठरवणारी बांबूची छोटी नळी असते. अंगठ्याएवढी. बुरडाने विचारलं, "केवढां होयां?" झिलूने खिशातून दोरी काढली, गाठ दाखवली. बुरडाला नवल वाटलं, पण गिऱ्हाइकाशी वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

झिलूने बंदुकीएवढं लांब माप घरी आणलं. मामांनी ते डोळ्याला लावून पलीकडचं आभाळ पाहिलं.

"झिलू, इतकी दारू घातलंस तर बार हंय होतलो आणि तू खाडयेच्या पलयाड पडतलंस!"

"मगे तरीन परत येयन," झिलू म्हणाला. खाडीवर माणसं नेणारी होडी होती, तिलाच गावात तर म्हणत. ती दिवसभर चालू असते हे त्याला ठाऊक होतं.

मामांनी टोकाकडचा अंगठ्याएवढा तुकडा कापायला लावला. उरलेला बांबू मामीने फुंकणी म्हणून चुलीपाशी नेला. मग मामा म्हणाले, "नीट आयक. बंदुकीच्या सामानात ज्यास्त ता वायट. कोणी ज्यास्त दिल्यान तर अर्धां परत करूचां."

"अर्धां परत," झिलू म्हणाला आणि ते घोकत झोपला.

तिसऱ्या खेपेला तो तर धरून तालुक्याला गेला. परवान्याच्या दुकानातून केपा आणायच्या होत्या. बंदुकीच्या घोड्याखाली बसवायची ती तांब्याची इवलीशी वाटी म्हणजे केप. तिच्यावर ठोका पडला की ठिणगी. दुकानदाराने परवाना पाहून डबी दिली. झिलूने ती हातावर तोलली. जास्त वाटली. त्याने अर्धी परत केली.

घरी येऊन त्याने मामांच्या हातात डबीचं झाकण ठेवलं.

"केपा खंय?"

"त्या खालच्या अर्ध्यात व्हत्यो. ह्यां वरचां अर्धां चकचकीत व्हतां, म्हणान ह्यां घेतलंय."

मामांनी डावा हात कपाळावर मारला. उजवा मारता येत नव्हता. "अरे, घेतलेली वस्तू वाटेत उघडून बघूची! भितर काय आसा ता बघल्याशिवाय घराक येव नको!"

चौथ्या खेपेला केपांबरोबर दारूही आणायची होती. झिलूने केपा आणल्या, अख्ख्या. वाटेत दर वळणावर डबी उघडून पाहिली, त्या होत्या. मामांना हायसं वाटलं. मग त्याने दारूचा डबाही मामांसमोर ठेवला. डबा फारच हलका होता.

"दारू खंय?"

"भितर व्हती, मामानू. दुकानात बघलंय, व्हती. तरीत चढताना बघलंय, व्हती. मधे खाडयेत बघलंय, तरी व्हती. मगे वारो इलो."

"आणि मगे?"

"मगे बघलंय, नव्हती."

मामा रिकामा डबा उचलून आत गेले. ते बोलायचे तेव्हा झिलूला बरं वाटायचं, निदान नवं काही शिकायला मिळायचं. रात्री जेवताना त्याने स्वयंपाकघरातून मामांचा आवाज ऐकला. ते मामीला सांगत होते, "आजोबाच्या येळेपासूनचो मान. माझ्या हातसून गेलो तर देवासमोर खंयच्या तोंडान उबो रवू?" झिलूने घास ताटात परत ठेवला. आईबाप गेल्यावर ह्याच मामांनी त्याला खांद्यावर बसवून या घरात आणलं होतं. मान गेला तर तो आपल्यामुळे जाईल एवढं त्याला कळत होतं. पुढचं सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे करायचं, त्याने ठरवलं. आधीचंही त्याने तसंच केलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

शेवटी दारू आणायला मामा स्वतः गेले, हात गळ्यात अडकवून. आल्यावर त्यांनी झिलूला शेजारी बसवून बंदूक भरायला शिकवली. आणि काय सांगावं, झिलूला ते जमलं! दारू मापात, बोळा नीट, गज सरळ, केप जागेवर. मामांनी त्याची पाठ थोपटली आणि पाणी प्यायला आत गेले.

झिलूला इतका आनंद झाला की तो भरलेली बंदूक घेऊन वाडीभर दाखवत सुटला. ओढ्यावरचा साकव ओलांडून थेट अंकुश परबांच्या ओटीवर गेला. "बघा, भरलंय!" परब सुपारी कातरत बसले होते ते अडकित्त्यासकट बाकाखाली गेले.

मामा धापा टाकत आले. त्यांनी त्याला परसातल्या बांधाकडे नेलं, बंदूक आभाळाकडे करून बार काढायला लावला आणि मग जे ओरडले ते साऱ्या वाडीने ऐकलं. "भरलेली कधी घराभायर काडूची नाय! आधी रिकामी करूची, मगे भायर काडूची! जीव गेलो तरी इसरू नको!"

"नाय इसरूचंय," झिलू म्हणाला. आणि खरंच, हे तो कधीच विसरला नाही.

शिमग्याचा दिवस उजाडला. मामा मानकरी, त्यामुळे ते सकाळीच देवळात गेले. जाताना म्हणाले, "तू मागसून बंदूक आणि सामान घेवन ये. थंय माझ्यासमोर भर." झिलू तयार झाला. पण एवढ्या माणसांत, परबांच्या डोळ्यांदेखत काही चुकलं तर? त्यापेक्षा घरीच शांतपणे भरून न्यावी. ही त्याची स्वतःची कल्पना होती. आयुष्यातली बहुधा पहिलीच.

त्याने बंदूक भरली. सुरेख भरली. खांद्याला लावून उंबऱ्यापाशी आला आणि थबकला. भरलेली घराबाहेर काढायची नाही. आधी रिकामी करायची.

झिलूने पडवीतून नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. असा बार गावाने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

देवळात त्या वेळी गुरव गाभाऱ्यात देवाला आंघोळ घालत होता. गावाचे प्रमुख, म्हणजे गावकार, सुपारी शोधत होते. मामा रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. सभामंडपात पालखी फुलांनी सजवून ठेवलेली, आणि खांदेकरी पागोटी बांधून तिच्या दांड्याला हात लावून उभे. बार झाला की उचलायची, एवढं त्यांना ठाऊक होतं. बार झाला. त्यांनी उचलली. ढोल सुरू झाले. "अरे थांबा रे, देव—" गावकार ओरडले, पण ढोलापुढे गावकारांचं काय चालणार? पालखी नाचत नाचत पायऱ्या उतरली आणि रिवाजाप्रमाणे पहिल्या मानाच्या घरी, म्हणजे मामांच्याच घरापुढच्या खळ्यात येऊन टेकली.

मामी ओटी घेऊन पुढे झाली. वाकली. तशीच वाकून राहिली.

"अगो बाय! भितर देव खंय?"

सगळ्यांनी पाहिलं. फुलं होती, गादी होती. तेवढ्यात ओलेत्याने धावत गुरव आला, देवाची मूर्ती छातीशी धरून. त्याच्या मागे गावकार, मामा, आणि सगळ्यांच्या पुढे निघण्याच्या बेतात असलेले परब.

"मान गेलो!" परब म्हणाले. "देवाशिवाय पालखी भायर काडल्यानी! पुढल्या वर्सापासून बार माझो!"

मामांचा चेहरा उतरला. झिलू हातात रिकामी बंदूक घेऊन त्यांच्याकडे बघत राहिला.

गावकारांनी बराच विचार केला. "बार झालो?" त्यांनी विचारलं.

"झालो," खांदेकरी म्हणाले.

"धुऱ्यांच्याच बंदुकीचो?"

"होय."

"बारावर पालखी उठली?"

"उठली."

"मगे रिवाज पुरो झालो. भितर देव आसा काय नाय ता बघूचां काम बाराचां न्हय, गुरवाचां. मान धुऱ्यांचोच."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डाव्या हाताने झिलूला जवळ ओढलं. झिलूला वाटलं, आता मामांच्या सांगण्याबाहेर कधी जायचं नाही. मामा डोळे पुसायला विहिरीकडे गेले. परब पान थुंकून बाजूला झाले. गुरवाने मंत्र म्हणत देवाला पालखीत बसवलं, हार घातले, आणि हातपाय धुवायला तोही मामांच्या मागे गेला. गावकार धावत आले होते, ते डोळे मिटून ओटीवर टेकले. मामी निरांजन लावायला आत वळली.

खांदेकरी वाकले. झिलूने पाहिलं, पालखी भरलेली होती. आणि ही माणसं ती घराबाहेर काढणार होती.

"थांबा!" झिलू आडवा झाला. "भरलेली भायर काडूची नाय!"

त्याने दोन्ही हातांनी देवाला अलगद उचललं, खळ्यातल्या मामीच्या नव्या टबात नीट बसवलं, आणि रिकाम्या पालखीकडे एकदा समाधानाने बघून बाजूला झाला.

"आता जावा," तो म्हणाला.

ढोल वाजले, आणि खांदेकऱ्यांनी पालखी उचलली.