पलीकडच्या वाडीचा आवाज

लहानपणी खाडीकाठी ऐकलेला एक आवाज अजून माझ्या कानात आहे. धप्प, धप्प. पलीकडच्या वाडीत नारळाची भिजवलेली सोडणं कुटून काथ्या काढत, त्याचा तो आवाज.

अशाच एका खाडीकाठी एकदा एक वृद्ध गुरू राहत होते. त्यांचा शिष्य दूरदेशी जाऊन आला होता, पण घरी त्याचा पाय ठरत नव्हता. निरोप घ्यायला म्हणून तो आला, तरी उठे, बसे, पुन्हा दारात जाऊन वारा बघे. भरतीला गलबत सुटणार होतं.

"अरे, बस की जरा. घोंगडीत मुंग्या आहेत काय?" गुरू म्हणाले.

"बसवत नाही, गुरुजी. इथं नवं काय आहे? तिकडे एका बेटावर सकाळपासून धपधप ऐकू यायचं. डोंगर चढून बघायला गेलो. झाडाची साल कुटून कापड करत होते. भाषा कळेना, तरी दिवसभर त्यांच्यात बसलो. एका म्हातारीनं मोगरी माझ्या हाती दिली, आणि माझं कुटणं बघून सगळी हसत सुटली."

एवढं सांगेपर्यंत मात्र तो जागचा हलला नव्हता.

गुरू उठले. त्यांनी शिष्याच्या गाठोड्याची दोरी सोडून हातात घेतली. कपडे जमिनीवर पसरले.

"हे काय केलंत? भरती होत आली."

"तो आवाज कसला रे?" गुरूंनी खाडीपलीकडे बोट केलं.

"तो होय? काथ्या कुटतात."

"कोण?"

शिष्याला एकही नाव सांगता येईना. "आपल्यातलं कोण जातं तिकडे, गुरुजी?"

"ही दोरी तिथली. तुझ्या गलबताचीही तिथलीच. परमुलखात तू अजाण होतास, म्हणून आवाजामागे डोंगर चढलास. इथं पाऊल टाकलंस आणि जाणता झालास. मग घर अपुरं वाटणारच, बाळा. मीही कधी गेलो नाही. आता गुडघे खाडीवरच्या त्या साकवावरून नेत नाहीत."

धक्क्यावर गलबताचा शंख वाजला. शिष्य दारात उभा राहिला. त्यानं एकदा डोलकाठीकडे पाहिलं, एकदा साकवाकडे. मग गुरूंच्या हातातली दोरी घेतली, कपडे तसेच टाकले, आणि साकव ओलांडून आवाजाच्या दिशेनं निघून गेला.